साडेपाचशेचा किचन काटा आणि आमचा एक्केचाळीस किलोचा बंड्या : सात महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, हा काटा कुत्र्यामांजरांसाठी म्हणून कोणी विकत नाही. साधा किचनचा डिजिटल वजनकाटा आहे, घरी केक वगैरे करणारे लोक घेतात तो, पांढरा, चपटा, वर दोन बटणं आणि खाली बॅटरीचं झाकण. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण तुळशीबागेत आणि ऑनलाइन हाच काटा चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि चारही एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. दहा किलोपर्यंत मोजतो, एका ग्रॅमचा फरक दाखवतो. जूनमध्ये साडेपाचशेला घेतला. त्याआधी बंड्याचं वजन कमी करायच्या नादात मी जवळपास सहा हजार रुपये इकडेतिकडे घालवले होते, त्यातलं बाकी सगळं माळ्यावर गेलं आणि हा एकटा ओट्यावर टिकला, म्हणून म्हटलं रिव्ह्यू लिहावाच.

बंड्या आमचा लॅब्राडोर, पाच वर्षांचा, नसबंदी झालेली. जूनमध्ये क्लिनिकच्या जमिनीवरच्या काट्यावर 41.2 किलो. तोपर्यंत आम्हाला तो जाडा आहे असं वाटतच नव्हतं हो, खरंच. "हाडापेरानं मोठा आहे" असं आमचे बाबा सगळ्यांना सांगायचे. आधीच्या एका डॉक्टरांनी पण "लॅब असेच असतात" म्हणून सोडून दिलं होतं. मग मे महिन्यात तो जिना चढताना मधल्या लँडिंगवर बसायला लागला, आमचा पहिलाच मजला बरं का, आणि जीभ बाहेर काढून असा बघायचा की जणू मीच त्याला सिंहगड चढायला लावलाय. तेव्हा बायकोनं दुसऱ्या डॉक्टर मॅडम शोधून काढल्या.

या मॅडमनी आधी रक्त तपासलं, थायरॉइडसाठी, कारण थायरॉइड कमी असलं तरी कुत्री फुगतात. रिपोर्ट नॉर्मल आला. मला मनातून वाटत होतं थायरॉइड निघावं, म्हणजे दोष आमच्यावर येणार नाही, आता खोटं कशाला बोलू. मग त्यांनी बंड्याच्या बरगडीवर माझा हात ठेवायला लावला आणि एक युक्ती दाखवली ती सगळ्यांनी करून बघा. हाताची मूठ वळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं हडकलंय. मग पंजा सरळ करून उलट्या बाजूनं फिरवा, हाडं लागतात पण वर पातळ थर असतो, बरगड्या अशा लागल्या की वजन बरोबर. आणि तळहाताच्या बाजूनं मऊ मऊ लागतं तसं असेल तर जाडी. बंड्याच्या बाबतीत तळहात पण नाही, मला तर थेट गादीच आठवली. नऊपैकी मार्क देतात त्याला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात, चार पाच म्हणजे ठीक, बंड्याला आठ. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नऊपैकी आठ मिळाले आणि तेही असे.

पाचाच्या वरचा एकेक मार्क म्हणजे ढोबळमानानं दहा-पंधरा टक्के जास्त वजन, म्हणून त्यांनी हिशोब करून टार्गेट 32 किलो ठरवलं. आणि मग एक गोष्ट सांगितली जी मला पाच वर्षांत कोणीच सांगितली नव्हती, की खायला द्यायचं ते आताच्या वजनाप्रमाणे नाही, जे वजन व्हायला पाहिजे त्याप्रमाणे. 32 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला रोज साधारण 940 कॅलरी लागतात आणि वजन उतरवताना तेवढ्यावरच ठेवायचं. त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत खाऊ, म्हणजे नव्वदेक कॅलरी, बाकी सगळं दाणे. (आमच्याकडे ड्राय फूडला दाणेच म्हणतात, बाबांनी पाडलेलं नाव.) दाणे पण बदलायला सांगितले, वजन कमी करायचे वेगळे, प्रोटीन आणि फायबर जास्त असलेले, कारण नेहमीचेच दाणे निम्मे केले तर कॅलरीबरोबर प्रोटीन आणि व्हिटॅमिन पण निम्मी होतात. ते महाग आहेत, रडू येईल इतके महाग आहेत. पण नेहमीचे शंभर ग्रॅमला 370 कॅलरी आणि हे 290, म्हणजे वाटीत जरा तरी जास्त दिसतं आणि बंड्या वाटीत किती दिसतंय तेच बघतो. तर हिशोब निघाला दिवसाला 290 ग्रॅम, 145 सकाळी आणि 145 संध्याकाळी.

आणि मॅडमनी विचारलं, "आत्ता किती देता?" मी म्हटलं दोन मग. "मग म्हणजे किती?" आता मग म्हणजे मग, दाण्यांच्या पिशवीबरोबर फुकट आलेला प्लॅस्टिकचा.

तिथून घरी येताना काटा मागवला.

आला त्या दिवशी बाबांनी आधी त्याची परीक्षा घेतली. अर्धा लिटर दुधाची पिशवी ठेवली, 518 दाखवलं. "बघ, अठरा ग्रॅम चुकीचा, परत कर." मी म्हटलं बाबा, दूध पाण्यापेक्षा जड असतं, अर्धा लिटर दूध पाचशे पंधराच्या आसपास भरतं आणि वर पिशवीचं वजन, काटा बरोबर आहे. तरी त्यांनी वाण्याकडून सीलबंद साखर आणून परत मोजली तेव्हा कुठे गप्प बसले. मग त्यांच्याच हातानं मी तो मग भरायला लावला, नेहमी भरतात तसा, आणि मोजला. 203 ग्रॅम. मग बायकोला भरायला सांगितला, 171. मुलानं भरला, 226, वर शिग लावून. एकच मग, एकच पिशवी, आणि कोणाच्या हातून जेवलाय त्यावर बंड्याची एकेका मगामागे शंभर-दोनशे कॅलरी इकडेतिकडे. मगावर रेघ आहे, पण दाणे काय पाणी आहेत का रेघेला थांबायला.

त्या दिवशी आम्ही घरातलं बंड्याच्या पोटात जाणारं सगळंच मोजायला घेतलं. बाबांची पोळी. बाबा जेवायला बसले की पहिली पोळी कुत्र्याची, हे आमच्या आजीपासूनचं, आणि ती पोळी कोरडी नाही तर तूप लावून, "मुक्या जनावराला कोरडं काय घालायचं." दुपारी एक, रात्री एक. एक पोळी म्हणजे शंभरेक कॅलरी आणि चमचाभर तूप म्हणजे अजून पंचेचाळीस. आणि वॉचमन काकांची ग्लुकोज बिस्किटं, सकाळी तीन संध्याकाळी तीन, सहा बिस्किटं काट्यावर 33 ग्रॅम, म्हणजे दीडशे कॅलरी, म्हणजे बंड्याच्या नवीन कोट्याचा सहावा हिस्सा. सकाळी मी तळजाईच्या टेकडीवर अर्धा तास ओढत न्यायचो त्याला, त्यात जे काही जळायचं ते काका गेटवर पंधरा सेकंदांत परत भरायचे. माणूस इतका चांगला की बोलायचं तरी कसं. शेवटी मी त्यांनाच काकडीच्या चकत्यांचा डबा नेऊन दिला, म्हटलं काका तुम्हीच द्या पण हेच द्या. बंड्यानं पहिल्या दिवशी चकती तोंडात घेऊन खाली ठेवली आणि काकांकडे बघितलं. तिसऱ्या दिवसापासून खायला लागला. आता दुधी, गाजर, उकडलेली फरसबी, सगळं खातो.

आता काट्याबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचाच आहे.

चांगली गोष्ट म्हणजे टेअर बटण. वाटी ठेवायची, बटण दाबायचं, शून्य होतं, मग दाणे ओतायचे. सकाळी साडेसहाला अर्धवट झोपेत पण जमतं. एक ग्रॅमचा फरक दाखवतो ते कुत्र्यासाठी फार महत्त्वाचं नाही पण मांजरीसाठी आहे, त्यावर पुढे येतो. बॅटरी दोन ट्रिपल ए, सात महिन्यांत एकदा बदलली. बॅटरी उतरली की आकडा नाचायला लागतो, 140, 152, 138, आधी कळलंच नाही आम्हाला, दोन दिवस वाटलं पंख्याच्या वाऱ्यानं होतंय.

वाईट गोष्टींत पहिली, बंड्याची मोठी स्टीलची वाटी ठेवली की डिस्प्ले तिच्याखाली झाकला जातो, मान वाकडी करून बघावं लागतं, म्हणून आम्ही छोट्या पातेल्यात मोजून मग वाटीत ओततो. दुसरी, काटा दीड मिनिटात आपोआप बंद पडतो, मध्ये फोन आला की गेलं, परत पहिल्यापासून. पाणी सांडलं तर काय होईल ते करून बघितलं नाही, बघणार पण नाही.

आणि तिसरी गोष्ट, युनिटचं बटण. टेअरच्या अगदी शेजारी, दिसायला सारखंच. जुलैमध्ये आम्ही एका लग्नाला साताऱ्याला गेलो होतो, घरी बाबा आणि बंड्या. बाबांनी टेअर समजून ते दुसरं दाबलं आणि काटा औंसात गेला. आता बाबांना माहीत 145 दाखवेपर्यंत ओतायचं. ओतले, आकडा आला पाच. अजून ओतले, दहा. त्यांना वाटलं काटा सावकाश चालतोय. पातेलं भरलं, मोठं पातेलं घेतलं, पस्तीसपर्यंत आले आणि दाणे ओट्यावर सांडायला लागले तेव्हा मला फोन केला, "अरे तुझा काटा अडकलाय." पस्तीस औंस म्हणजे किलोभर दाणे हो! फोनवर मी ओरडतोय बाबा देऊ नका, आणि मागून कर्र कर्र आवाज येतोय, ओट्याखाली सांडलेले बंड्या साफ करत होता. त्याची दिवाळी जुलैतच झाली.

पण खरं सांगू का, काट्याचा खरा उपयोग ग्रॅम मोजण्यापेक्षा घरातली भांडणं बंद व्हायला झाला. आधी काय व्हायचं, मी म्हणायचो बाबा तुम्ही जास्त घालता, बाबा म्हणायचे तू त्याला उपाशी मारतोस, बायको म्हणायची तुम्ही दोघंही त्याला लपून देता, आणि तिघंही बरोबर. आता आकड्याशी कोण भांडणार. बाबांनी तर कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली, जिथे दुधाचा हिशोब लिहितात त्याच चौकटीत, "स. 145, सं. 145, पो. पाव". पो. पाव म्हणजे पाव पोळी, बिनतुपाची. हा आमचा तह आहे. पहिला घास कुत्र्याचा ही रीत मोडायची नाही म्हणाले, मी म्हटलं ठीक, घासच द्यायचा ना, मग घासाएवढाच द्या, आणि ती पाव पोळी पण काट्यावर ठेवून त्या नव्वद कॅलरीतून कापायची. पहिले पंधरा दिवस बंड्या बाबांच्या ताटाशेजारी बसून असा उसासा टाकायचा की बाबांचं जेवण जायचं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या की लॅबचा उसासा म्हणजे भूक नाही. नंतर वाचलं की केंब्रिजच्या लोकांनी 2016 मध्ये शोधलंय, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जीनचा तुकडाच गायब असतो आणि त्यांची भूक खरंच भागत नाही, सारखं खायला मागतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बिचारा आजारी आहे आणि तू त्याला काकडी घालतोस." काय बोलणार.

त्यांना पटलं ते दुसऱ्या गोष्टीनं. अमेरिकेत 48 लॅब पिल्लांवर त्यांच्या मरेपर्यंत अभ्यास केला होता, निम्म्यांना जोडीतल्या भावंडापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं, 2002 साली छापून आला, आणि कमी खाणारी सरासरी पावणेदोन वर्षांच्या वर जास्त जगली, सांधेदुखी पण उशिरा आली. बाबा स्वतः पंच्याहत्तरचे. पावणेदोन वर्षं म्हटल्यावर काही बोलले नाहीत, संध्याकाळी तुपाचं भांडं आपणहून फळीवर वर ठेवलं.

बाकी ज्या वस्तूंवर पैसे घालवले त्यांचं थोडक्यात. ती भूलभुलैयासारखी खाचांची वाटी, स्लो फीडर म्हणतात ती. हावरटपणा कमी होतो हे खरं, आधी चाळीस सेकंदांत उरकायचा, त्यात पाच मिनिटं लागायची, पण वाटीत जेवढे दाणे तेवढेच पोटात जातात, वजन त्यानं कसं उतरणार. शिवाय आमच्या महाशयांनी चौथ्या दिवशी ती पंजानं उलटी करून जमिनीवरून खायची आयडिया काढली. एका पेट शॉपमधून "फॅट कमी करणारं" सिरप घेतलं होतं बाराशेचं, ते मॅडमना दाखवलं तर त्यांनी बाटली फिरवून वाचली आणि हसून परत दिली. म्हणाल्या, कुत्र्यांच्या लठ्ठपणासाठी रीतसर मंजुरी मिळालेलं भूक कमी करणारं औषध अमेरिकेत 2007 मध्ये आलं होतं, तेही पुढे बंद झालं, आणि तुम्ही या बाटलीवर भरवसा ठेवताय.

आता मांजर. आमची चिंगी, 5.8 किलो, साडेचार असायला हवी. ती दिवसभर खिडकीत. मांजरीसाठी हा काटा कुत्र्यापेक्षा जास्त गरजेचा आहे कारण तिला दिवसाला दाणेच 45 ग्रॅम, त्यात पाच ग्रॅमची चूक म्हणजे नववा हिस्सा गेला, आणि पाच ग्रॅम म्हणजे चिमूटभर, डोळ्यांना दिसत पण नाही. पण मांजरवाल्यांनो हे नीट वाचा, मांजरीला कुत्र्यासारखं एकदम कमी करायचं नाही आणि "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी तर अजिबात ठेवायचं नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि जिवावर बेततं. आम्ही नवीन दाणे दिले तेव्हा चिंगीनं वाटीकडे पाठ केली, एक दिवस झाला आणि मॅडमना फोन केला तर त्यांनी लगेच जुने परत सुरू करायला लावले, मग जुन्यात थोडे थोडे मिसळत तीन आठवडे काढले. कुत्र्याचं आठवड्याला एक-दोन टक्के उतरलं तर ठीक, मांजरीचं अर्धा ते एक टक्का. सात महिन्यांत ती 5.1 वर आलीय.

आणि तिचं वजन करायची युक्ती सांगतो, ही मला कुठे वाचायला मिळाली नाही, चिंगीनंच शिकवली. मांजर काट्यावर बसत नाही. पण काट्यावर रिकामं खोकं ठेवा, टेअर दाबा आणि बाजूला व्हा. खोकं दिसलं की ती येतेच. दीड मिनिटात काटा बंद पडतो म्हणून सारखं बटण दाबत राहावं लागतं आणि खोक्याखाली आकडा दिसत नाही म्हणून मोबाइलचा टॉर्च मारून जमिनीला गाल लावून बघावं लागतं, शेजारच्या काकूंनी एकदा दारातून हे बघितलं आणि न विचारता परत गेल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या दोन महिन्यांत बंड्या 41.2 वरून 38 वर आला आणि मग गणपतीत पाच आठवडे आकडा हललाच नाही, एकदा तर वर गेला. कालनिर्णयवर सगळं 145, 145, पो. पाव. मॅडम म्हणाल्या काटा खोटं बोलत नाही पण काट्यावर न ठेवलेलं तो कसं सांगणार. उलगडा झाला तो सकाळी फिरवताना, मला जे उचलावं लागतं त्यात खोबऱ्याचा कीस. मोदक! मुलगा आणि वरच्या मजल्यावरची त्याची मित्रमंडळी. सारणात बेदाणे नव्हते हे नशीब, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला विषासारखे असतात. दिवाळीत मग मी आधीच फराळाचे डबे वर ठेवले आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर बंड्याचा फोटो टाकून लिहिलं, मी डाएटवर आहे, कृपया चकली देऊ नये. त्यावर सत्तावीस जणांनी हसण्याचे इमोजी टाकले आणि तिघांनी चकली दिली.

परवा वजन केलं, 34.6. अजून अडीच किलो आहेत. मागच्या साडेसहा किलोंपेक्षा हे अडीच जड जाणार असं दिसतंय, मॅडमनी दाणे 275 ग्रॅमवर आणलेत. पण वरून बघितलं की कंबर दिसते आता त्याची, आणि जिना एका दमात चढतो, लँडिंगवर थांबतो तो बाबांसाठी.

मार्क म्हणाल तर पाचपैकी चार. एक कापला तो युनिटच्या बटणाचा. बाबांनी त्यावर आता बँडेजची पट्टी चिकटवलीय आणि वर पेनानं लिहिलंय, "हे दाबू नये".